मालक कोण? उमर इब्न सईद यांच्या पंधरा पानांची गोष्ट

आपल्यापैकी बऱ्याच घरांत इशाच्या नमाजनंतर, झोपण्यापूर्वी सूरह मुल्क पढली जाते. दादी-नानीच्या तोंडून रोज ऐकून ऐकून मुलांनाही ती कधी पाठ झाली ते कळत नाही. तीस आयतींची ही सूरह. साधारण दोनशे वर्षांपूर्वी, 1831 साली, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात साठी ओलांडलेल्या एका गुलामाने कागद पुढे घेतला, बिस्मिल्लाह लिहिलं आणि पहिल्यांदा हीच सूरह लिहून काढली. मगच त्याने स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहायला सुरुवात केली. सगळं मिळून फक्त पंधरा पानं.

या माणसाचं नाव उमर इब्न सईद. अमेरिकेतल्या गुलामांनी लिहिलेल्या आत्मकथा पुष्कळ आहेत, पण तिथे गुलामीत असताना अरबीत लिहिलेली आणि आजवर टिकून राहिलेली आत्मकथा एवढी एकच सापडलेली आहे. अमेरिकन लोक त्यांना ओळखतात, शाळा-कॉलेजांत शिकवतात. आपल्याकडे मात्र हे नाव फारसं कानावर येत नाही. म्हणून आज त्यांची हकीकत आपल्या वाचकांपुढे ठेवावी असं आम्हाला वाटलं.

पंचवीस वर्षांचं शिक्षण

उमर यांचा जन्म 1770 च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेत, फूटा तोरो या मुलखात झाला. आजच्या सेनेगल देशाच्या उत्तरेला सेनेगल नदीच्या काठाने हा प्रदेश पसरलेला आहे. ते फुलानी समाजाचे. त्यांच्या जन्माच्या आधी कित्येक शतकं तिथे इस्लाम रुजलेला होता. गावोगावी मकतब होते, मुलं लाकडी पाटीवर बोरूने आयती लिहायची, पाठ करायची, पाटी धुवायची आणि पुढच्या आयती घ्यायची.

उमर यांनी आपल्या उस्तादांची नावं लिहून ठेवली आहेत. त्यांत त्यांचा सख्खा भाऊ शेख मुहम्मद सईद हेही आहेत. पंचवीस वर्षं शिकलो, मग घरी परतलो आणि सहा वर्षं घरी राहिलो, असा हिशेब ते देतात. आम्ही शिक्षक असल्याने या आकड्यापाशी थांबलो. पंचवीस वर्षं! आपल्याकडे पहिलीपासून बीएडपर्यंत धरली तरी सतरा-अठरा वर्षं होतात. म्हणजे हा माणूस साधासुधा शिकलेला नव्हता, आपल्या भाषेत सांगायचं तर आलिम होता.

त्या दिवसांबद्दल ते लिहितात तेव्हा त्यांची लेखणी भरभर चालते. पहाटे उजाडण्यापूर्वी मशिदीत जाणं, वुजू करणं, पाच वक्ताची नमाज, दरसाल सोन्याचांदीची, धान्याची, गुराढोरांची, शेळ्यामेंढ्यांची ज़कात. एखादा शेतकरी घरातल्या कणग्या मोजून सांगतो तसं ते एकेक नाव घेतात. हरवलेल्या घराची यादी माणूस अशीच करतो.

1807

मग एक मोठी फौज आली. तिने पुष्कळ लोकांना मारलं आणि उमर यांना पकडून मोठ्या समुद्राकडे नेलं. तिथे त्यांना विकण्यात आलं. हात बांधून जहाजावर चढवलं गेलं आणि महिना-दीड महिन्याच्या प्रवासानंतर जहाज साउथ कॅरोलिनाच्या चार्ल्स्टन बंदराला लागलं. ते साल 1807. उमर तेव्हा सदतीस वर्षांचे होते.

या तारखेत नशिबाची केवढी क्रूर थट्टा आहे पाहा. बाहेरच्या देशांतून गुलाम आणायला बंदी घालणारा अमेरिकेचा कायदा 1 जानेवारी 1808 पासून लागू झाला. बंदीची तारीख आधीच ठाऊक असल्याने व्यापाऱ्यांनी शेवटच्या महिन्यांत जमतील तेवढी जहाजं भरून आणली. उमर यांचं जहाज त्याच गर्दीतलं. आणि कायदा झाला म्हणून आत असलेल्यांची सुटका झाली नाही. आईच्या पोटातून येणारं बाळसुद्धा गुलामच धरलं जायचं. 1860 च्या जनगणनेत त्या देशात जवळजवळ चाळीस लाख गुलाम होते.

चार्ल्स्टनच्या बाजारात त्यांना जॉन्सन नावाच्या माणसाने विकत घेतलं. हा माणूस ठेंगणा, दुष्ट आणि अल्लाहची जराही भीती नसलेला होता, असं उमर यांनी नोंदवलं आहे. ज्याने आयुष्यभर पुस्तकं हाताळली त्याच्याकडून शेतातली अंगमोड कामं करून घेतली जात होती. उमर तिथून पळाले.

सोळा दिवस आणि सोळा रात्री

रस्ता माहीत नाही, भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. चालत चालत ते शेकडो किलोमीटर उत्तरेला नॉर्थ कॅरोलिनाच्या फेएटव्हिल गावाजवळ पोहोचले. तिथे मोठाली घरं दिसली. त्यातल्या एका घरात ते नमाज पढायला शिरले. ती चर्चची इमारत होती. घोड्यावरून जाणाऱ्या एका मुलाने त्यांना पाहिलं आणि जाऊन बापाला सांगितलं. थोड्याच वेळात दोन घोडेस्वार आणि पुष्कळ कुत्री आली. त्यांना बारा मैल चालवत गावात आणलं आणि तुरुंगात टाकलं. सोळा दिवस आणि सोळा रात्री ते तिथे होते.

तुरुंगाच्या भिंतींवर त्यांनी कोळशाने अरबी अक्षरं लिहिली आणि ती बघायला गावकरी जमले, ही हकीकत फार प्रसिद्ध आहे. ती इतरांनी लिहून ठेवलेली आहे. उमर यांच्या स्वतःच्या पानांत ती येत नाही. त्यांनी लिहिलं आहे ते साधंच. एका शुक्रवारी दार उघडलं, बाहेर बरीच माणसं होती, ती काहीतरी विचारत होती आणि त्यांचं बोलणं आपल्याला कळत नव्हतं. शुक्रवार होता हे त्यांच्या लक्षात राहिलं. का राहिलं असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

शेवटी जेम्स ओवेन यांनी त्यांना विकत घेतलं. ओवेन घराणं ब्लेडन काउंटीतलं, केप फिअर नदीकाठचं, श्रीमंत आणि वजनदार. जेम्स ओवेन पुढे अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले. त्यांचे भाऊ जॉन ओवेन 1828 ते 1830 या काळात नॉर्थ कॅरोलिनाचे गव्हर्नर होते. या घरात उमर यांना शेतात राबवलं गेलं नाही, मारहाण झाली नाही. पण आपल्यात म्हणतात ना, पिंजरा सोन्याचा असला तरी पिंजराच. उमर यांचं उरलेलं सारं आयुष्य, पन्नासहून अधिक वर्षं, या एका घराण्याच्या मालकीत गेलं.

वाचता न आलेलं पत्र

1819 साली उमर यांनी जॉन ओवेन यांना उद्देशून अरबीत एक पत्र लिहिलं. त्यात कुरआनच्या अनेक आयती आहेत आणि त्यांच्यामध्ये एक साधी इच्छा आहे. आफ्रिका नावाच्या आपल्या देशात, आपल्या नदीच्या ठिकाणी आपण पुन्हा दिसावं, ही ती इच्छा.

ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना अरबी येत नव्हतं. हे पत्र पुढे फ्रान्सिस स्कॉट की यांच्याकडे गेलं. हे तेच गृहस्थ, ज्यांचं गीत नंतर अमेरिकेचं राष्ट्रगीत झालं. पत्राबरोबर त्यांना विनंती होती ती या गुलामासाठी अरबी बायबल मिळवून देण्याची. बायबल मिळालंही. म्हणजे उमर यांनी घर मागितलं होतं आणि हातात आलं पुस्तक. देणाऱ्यांचा हेतू वाईट असेल असं आम्ही म्हणत नाही. पण मागणारा काय मागतोय हे वाचता येणारं माणूस त्या घरात नव्हतं, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

सुरुवातीच्या वर्षांत ते रमजानचे रोजे कडक पाळत असत, असं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. पुढे 1820-21 च्या सुमारास फेएटव्हिलच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. वर्तमानपत्रांत आणि धार्मिक मासिकांत त्यांच्यावर लेख येऊ लागले. कुणी त्यांना आफ्रिकेचा राजपुत्र केलं, कुणी अरब केलं. एवढा शिकलेला माणूस आफ्रिकन कसा असेल, असं त्या काळच्या गोऱ्या समाजाला वाटायचं, म्हणून त्यांचं मूळच बदलून टाकायची ही खटपट. लोक त्यांना अंकल मोरो म्हणायचे. स्वतःच्या कागदांवर ते स्वतःला उमरच म्हणवत राहिले.

1831 ची पंधरा पानं

आता त्या पानांकडे येऊ. ती कोणत्या वेळी लिहिली गेली हे आधी समजून घ्यायला हवं. नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने 1830-31 च्या अधिवेशनात गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा ठरवला. 1831 च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात नॅट टर्नर या गुलामाने बंड केलं. टर्नर वाचायला शिकलेला होता, बायबलवर प्रवचनं देत असे. त्यामुळे शिकलेला गुलाम म्हणजे धोका, ही भीती मालकवर्गात आणखी पसरली. नेमक्या त्याच वर्षी एक गुलाम आपली जीवनकथा लिहीत होता आणि त्याला कुणी अडवलं नाही. कारण तो कुणाला वाचता येणार नाही अशा लिपीत लिहीत होता.

अमेरिकन साहित्यात गुलामांच्या आत्मकथांचं स्थान मोठं आहे. फ्रेडरिक डग्लस यांचं पुस्तक 1845 साली आलं. हॅरिएट जेकब्स यांचं 1861 साली आलं. त्या याच नॉर्थ कॅरोलिनाच्या, एडेंटन गावच्या. मालकापासून वाचण्यासाठी त्या जवळजवळ सात वर्षं आजीच्या घराच्या माळ्यावर, उभंही राहता येणार नाही अशा जागेत लपून राहिल्या होत्या. या पुस्तकांत चाबकाचे फटके आहेत, आईपासून तोडलेली मुलं आहेत, भुकेची आणि थंडीची खरीखुरी वर्णनं आहेत. जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगायचं, ही या लेखकांची रीत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकन कादंबरी वास्तववादाकडे वळली, तेव्हा साध्या माणसांचं खरं जगणं सांगण्याची वाट या आत्मकथांनी आधीच पाडून ठेवलेली होती.

पण एक फरक ध्यानात ठेवायला हवा. डग्लस काय आणि जेकब्स काय, दोघांनीही गुलामीतून निसटून, उत्तरेकडच्या राज्यांत पोहोचल्यावर लिहिलं. त्यांच्या पुस्तकांना गोऱ्या मित्रांच्या प्रस्तावना होत्या. जेकब्स यांच्या पुस्तकाचं संपादनही एका गोऱ्या लेखिकेने केलं. उमर यांनी मालकाच्या मालकीत असताना लिहिलं. त्यांच्या अक्षरांवर संपादकाचा हात फिरला नाही, कारण फिरवायला कुणाला येतच नव्हतं. त्यांना सगळं बोलता येत नव्हतं, पण जे लिहिलं ते पूर्णपणे त्यांचं होतं.

सुरुवातीला ते माफी मागतात. आपली भाषा आणि अरबीही आपण बरीचशी विसरलो आहोत, वाचणाऱ्याने रागावू नये, असा त्यांचा सूर आहे. चोवीस वर्षं अरबीत बोलायला क्वचितच कुणी भेटलं असेल. आपली मुलं दोन वर्षं दुसऱ्या शहरात राहिली तर घरची बोली विसरायला लागतात. इथे तर समुद्र आडवा होता. या देशात आपण मोठ्या संकटामुळे राहत आहोत, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. मालकाचं कौतुक केलेल्या त्याच पानांत हे आहे.

कौतुक आहेच. ओवेन बंधू स्वतः जे खातात ते मला खाऊ घालतात, स्वतः नेसतात तसं मला नेसवतात, अशा अर्थाचं ते लिहितात. हे वाचताना आम्ही दचकलो. नोकर-गुलाम हे तुमचे भाऊ आहेत, तुम्ही जे खाता ते त्यांना द्या आणि जे नेसता ते त्यांना नेसवा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. पंचवीस वर्षं दीन शिकलेल्या माणसाला ती ठाऊक नसेल, हे पटत नाही. आम्हाला असं वाटतं की मालकाची स्तुती करतानाही उमर यांच्या हातातला गज आपल्या मदरशातलाच होता. ते ओवेनना त्या मापाने मोजत होते.

आणि सगळ्यांच्या आधी सूरह मुल्क. सगळी सत्ता, सगळी मालकी अल्लाहच्या हाती आहे, या घोषणेने ती सुरू होते. मुल्क, मालिक, मिल्कियत, ममलूक हे सगळे शब्द एकाच अरबी धातूचे. मराठीतला मालक आणि मुलूख हेही तिथूनच आलेले. ममलूक म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्याची मालकी आहे तो, म्हणजेच गुलाम. ज्याला कायद्याने वस्तू ठरवलं, ज्याच्या खरेदीची पावती झाली, त्याने स्वतःबद्दलचं एकही वाक्य लिहिण्यापूर्वी मालक कोण आहे ते लिहून टाकलं. त्याने वाद घातला नाही, आरडाओरडा केला नाही. कुरआनमध्ये 114 सूरह आहेत. त्यांतून ही एक निवडली.

आमची एक चूक

ही हकीकत आम्ही शाळेत नववीच्या वर्गात सांगितली. तास संपता संपता एका मुलीने हात वर केला. मग शेवटी ते मुसलमान राहिले की ख्रिश्चन झाले, असा तिचा प्रश्न होता. आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं की मनातून ते मुसलमानच होते, बाकी सगळा दिखावा होता. वर्ग खूश झाला. आम्हीही खूश झालो.

घरी जाताना मात्र चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. त्या काळच्या धर्मप्रसारकांनीही हेच केलं होतं. त्यांनी लिहिलं की हा माणूस मनापासून ख्रिस्ताचा भक्त झाला. त्यांनी उमरवर आपला शिक्का मारला आणि आम्ही आपला मारला. कागद नीट वाचायचे कष्ट मात्र दोघांनीही घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला कागद काय सांगतात, दुसऱ्या बाजूला आपल्याला काय वाटतं. पहिल्या बाजूला मुलांनी एकेक करून नोंदी केल्या. बाप्तिस्मा झाला. आत्मकथेत ते लिहितात की पूर्वी आपण प्रार्थनेसाठी सूरह फातिहा म्हणत होतो आणि आता येशूंनी शिकवलेली प्रार्थना म्हणतो. पण हे सांगताना दोन्ही प्रार्थना त्यांनी कागदावर उतरवल्या. त्यांचं अरबी बायबल आज डेव्हिडसन कॉलेजात जपून ठेवलं आहे आणि त्यात त्यांच्या हातची अल्लाहची स्तुती अरबीत लिहिलेली आहे.

आणखी एक कागद 1857 चा आहे, त्यांच्या उपलब्ध लिखाणातला अगदी शेवटचा. तेव्हा ते सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. त्यावर कुणीतरी इंग्रजीत टीप लिहून ठेवली की ही येशूंची प्रार्थना आहे आणि लिहिणारा निष्ठावान ख्रिश्चन आहे. बरीच वर्षं लोक तेच धरून चालले. अरबी जाणणाऱ्यांनी तो कागद वाचला तेव्हा कळलं की ती सूरह नस्र आहे. अल्लाहच्या मदतीची आणि लोक झुंडीने त्याच्या दीनमध्ये येण्याची ती छोटीशी सूरह.

ही गोष्ट ऐकून वर्गात टाळ्या पडल्या. आम्ही मुलांना म्हटलं, टाळ्या जरूर वाजवा, पण ही नोंदही डाव्या रकान्यात, बाकीच्या नोंदींच्या खालीच लिहायची. त्याने आधीच्या नोंदी पुसल्या जात नाहीत. उमर यांनी ती प्रार्थना म्हणून लिहिली, की लहानपणी गिरवलेली अक्षरं म्हातारपणी हातातून आपोआप उतरली, की कागद मागणाऱ्यांची मनातल्या मनात गंमत केली, हे तो कागद सांगत नाही. ज्याचं शरीर, श्रम, झोप, नाव सगळं दुसऱ्याच्या ताब्यात आहे, त्या माणसाला आपलं मन उघड करण्याची मोकळीक नसते. त्याच्या तोंडी हो असो की नाही असो, ते स्वतंत्र माणसाच्या हो-नाहीसारखं मोजता येत नाही. गुलामीचा हा सगळ्यात खोल घाव आहे. चाबकाचा वळ दिसतो तरी, हा दिसत नाही.

त्या मुलीने मग विचारलं की फळ्याची उजवी बाजू रिकामी ठेवायची का. आम्ही म्हटलं, लिहा, पण पेन्सिलीने लिहा. सगळे हसले. पण ते आमच्या आणि त्यांच्याही लक्षात राहिलं. दिलाचा मालक अल्लाह आहे. त्या मालकीत हात घालणं उमर यांच्या मालकांना शोभलं नाही, आणि आपल्यालाही शोभत नाही.

पानांचा प्रवास

उमर इब्न सईद 1863-64 च्या सुमारास, नव्वदी पार केल्यावर वारले. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. गुलामी संपूर्ण देशातून रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर 1865 मध्ये झाली. ती त्यांनी पाहिली नाही. ब्लेडन काउंटीत ओवेन घराण्याच्या जमिनीवर त्यांना दफन करण्यात आलं. फूटा तोरोचं दर्शन पुन्हा झालंच नाही.

पानं मात्र फिरत राहिली. 1836 साली ती न्यूयॉर्कला लामीन केबे नावाच्या माणसाकडे पाठवली गेली. केबे हेही पश्चिम आफ्रिकेतले मुसलमान, तिथे मुलांना शिकवणारे उस्ताद, पुढे कित्येक वर्षं अमेरिकेत गुलामीत राहून सुटलेले. एका शिक्षकाची वही दुसऱ्या शिक्षकाच्या हाती पडली. केबे यांनी ती थिओडोर ड्वाइट या अभ्यासकाला दिली. 1848 मध्ये तिचं इंग्रजी भाषांतर झालं. 1925 मध्ये इतिहासाच्या एका मान्यवर अमेरिकन नियतकालिकात ती छापली गेली आणि त्यानंतर मूळ हस्तलिखित बेपत्ता झालं.

1995 साली व्हर्जिनियात एका जुन्या पेटीत ते सापडलं. डेरिक बेअर्ड या आफ्रिकन-अमेरिकन संग्राहकाने ते लिलावात विकत घेतलं आणि ठिकठिकाणी लोकांना दाखवलं. 2011 मध्ये अला अलरय्यस यांनी नवं भाषांतर प्रसिद्ध केलं. 2017 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते आपल्या संग्रहात घेतलं, 2019 मध्ये त्याची सगळी पानं इंटरनेटवर खुली केली. आज आपल्या मोबाइलवर ती पाहता येतात. पश्चिम आफ्रिकेच्या वळणाची ती जाड, गोलसर अक्षरं आहेत. आपल्याकडच्या मुसहफच्या अक्षरांची सवय असलेल्याला सुरुवातीला वाचायला जड जातात. पण सूरह मुल्कचे पहिले शब्द ओळखू आले की पुढचं आपोआप ओठांवर येतं.

ज्या चार्ल्स्टनमध्ये 1807 साली त्यांना विकलं गेलं, त्याच शहरात 2022 मध्ये त्यांच्या जीवनावरचा ऑमर हा ऑपेरा पहिल्यांदा सादर झाला. रायनन गिडन्स आणि मायकेल एबल्स या त्याच्या संगीतकारांना 2023 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. आणि ज्या फेएटव्हिलमध्ये ते सोळा दिवस तुरुंगात होते, तिथे आज त्यांच्या नावाची मशीद आहे. एका शुक्रवारी त्यांना तुरुंगातून बाहेर काढलं होतं. आता तिथे दर शुक्रवारी अजान होते.

आपल्यासाठी

काही पालक आम्हाला विचारतात की पाठांतराचा उपयोग काय, दोन-तीन भाषांचं ओझं मुलांवर कशाला. त्यांना आम्ही आता ही गोष्ट सांगतो. उमर यांच्याकडून घर घेतलं गेलं, देश घेतला गेला, भाऊ-बहिणी घेतल्या गेल्या. अंगावरच्या कपड्यापर्यंत सगळं गेलं. लहानपणी पाटीवर गिरवलेलं तेवढं कुणाला घेता आलं नाही. चोवीस वर्षांनी कागद मिळाला तेव्हा ते जसंच्या तसं उतरलं, आणि त्याच्या आधाराने एक माणूस स्वतःची गोष्ट स्वतः सांगू शकला.

आणि दुसरी गोष्ट मोठ्यांसाठी. आपल्या घरी, दुकानात, शेतात, कारखान्यात आपल्या हाताखाली माणसं असतात. त्यांच्याशी आपण चांगलं वागतो असं आपण सहज म्हणून टाकतो. ओवेन मंडळीही तसंच समजत असतील. उमर यांच्या पानांकडे पाहिलं की एक प्रश्न उभा राहतो. ते माणूस आपल्याला काही सांगू पाहत असेल, तर ते वाचायची आपली तयारी आहे का?

आज रात्री मुलांना जवळ घेऊन सूरह मुल्क पढाल तेव्हा या माणसाची आठवण त्यांना जरूर करून द्या. अल्लाह आपल्या सर्वांना इल्मची कदर आणि इन्साफची बुद्धी देवो. आमीन.